खीर दाट होती, पण कशानं?

वैशाख पौर्णिमेला आमच्या विहारात खीर होते. महाड-पोलादपूरकडच्या बहुतेक वस्त्यांत होते. यंदा माणसं जास्त आली आणि दूध कमी पडलं. पातेलं सांभाळणाऱ्या मुलांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून कस्टर्ड पावडरची पाकिटं आणली, गार पाण्यात कालवून ओतली, आणि पाच-सात मिनिटांत पातळ खीर पळीला धरेल इतकी दाट झाली. रंगही छान पिवळा आला. यात कोणी वाईट काही केलं नाही. सगळ्यांना वाटीभर पोचावी एवढाच हेतू होता. आम्हीसुद्धा दोन वाट्या खाल्ल्या.

मग एक तरुण आई पुढं आली. कडेवर आठ महिन्यांची मुलगी, हातात दुधाची बाटली. म्हणाली, "ताई, दाट आहे तर हिच्या बाटलीत थोडी द्या ना. दाट दिलं की रात्रभर झोपते." बाटलीच्या बुचाचं भोक तिनं सुई तापवून मोठं केलं होतं. विचारलं तेव्हा कळलं की घरीही रोज हेच चालू आहे. आरारूट, पाणी, साखर, असलंच तर थोडं दूध. सासूबाई म्हणाल्या होत्या, आरारूट पोटाला हलकं. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत मुलीला काट्यावर ठेवलं, तर सहा किलो शंभर ग्रॅम. या वयाच्या मुलीचं वजन साधारण आठ किलोच्या आसपास असायला हवं. सहा किलो तीनशेच्या खाली गेलं की तक्त्यात ती कमी वजनाची ठरते.

आई निष्काळजी नव्हती. ती दिवसातून चार वेळा करून घालत होती. बाळ पीत होतं, पोट टम्म होत होतं, झोपत होतं. फक्त वाढत नव्हतं.

त्या बाटलीचा हिशेब आम्ही तिच्याबरोबर बसून केला, तोच इथं मांडतो. आरारूट, कॉर्नफ्लोअर, कस्टर्ड पावडर, साबुदाणा ही सगळी स्टार्चची भावंडं. कस्टर्ड पावडर म्हणजे कॉर्नफ्लोअरमध्ये रंग आणि वास घातलेला. आणि बाजारात आरारूट म्हणून जे मिळतं, ते पुष्कळदा त्या कंदाचं नसतंच, मक्याचं नाहीतर टॅपिओकाचं स्टार्च असतं. स्टार्चचे बारीक कण गरम पाण्यात पाणी शोषून फुगतात, फुटतात आणि एकमेकांत अडकतात. म्हणून अगदी थोड्या पिठात भरपूर पाणी बांधलं जातं. वाटीभर पाणी दाट करायला एक मोठा चमचा, म्हणजे आठ-दहा ग्रॅम पीठ पुरतं. त्यातून मिळतात जेमतेम ३५ कॅलरी. प्रथिनं जवळजवळ शून्य, लोह नाही, कॅल्शियम नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात. म्हणजे त्या खिरीच्या सहा वाट्या. बाळाचं पोट एका वेळी जेमतेम वाटी-दीड वाटी घेतं, आणि पोट भरलेलं बाळ आईचं दूधही कमी ओढतं. नुकसान दोन्हीकडून.

"पण दाट तर होती," ती पुन्हा म्हणाली. तिचं चुकलं म्हणता येत नाही, कारण अंगणवाडीत आम्हीच सांगतो की बाळाचं अन्न चमच्यावरून ओघळू नये इतकं घट्ट हवं. हे सांगताना आमचं एक वाक्य राहून जातं. घट्टपणा पिठाच्या प्रमाणामुळं आलेला हवा, नुसत्या फुगलेल्या पाण्यामुळं नको.

नाचणीची युक्ती

यावर उपाय आपल्याच डोंगरउतारावर उगवतो. पोलादपूरच्या वरच्या गावांत अजून नाचणी होते. शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम ३४० मिलिग्रॅमच्या वर, तांदळात दहाच्या आसपास. पण नाचणीचं पीठ पाण्यात शिजवलं की तेही फुगतं. चार मोठे चमचे घातले तर गोळा होतो आणि बाळ थुंकून देतं. मग आई पाणी वाढवते, आणि आपण पुन्हा पातळ पेजेवर येतो.

इथं मोड आलेली नाचणी कामी येते. धान्याला मोड येताना त्यात अमायलेज नावाचं पाचक द्रव्य तयार होतं, ते स्टार्चच्या साखळ्या तोडतं. घट्ट शिजलेल्या पेजेत मोडाच्या पिठाचा एक छोटा चमचा कालवला, की पाणी न वाढवता ती थोड्याच वेळात सैल होते. धान्य तेवढंच, बाळाच्या घशाला मात्र सोपं. बडोद्याच्या विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात यावर बरंच काम केलं. आपल्या आज्या मोड काढून सत्त्व करायच्याच, पण त्यात एक गोष्ट हातची जायची. सत्त्व करताना वाटून फडक्यातून गाळतात आणि चोथा कोंबड्यांपुढं जातो. नाचणीतलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीत असतं. म्हणजे चांगला वाटा कोंबडीला आणि पांढरं स्टार्च बाळाला! म्हणून गाळू नका, सगळं दळा.

करायचं असं. नाचणी धुऊन रात्रभर भिजत घालायची. पाणी काढून ओल्या फडक्यात एक-दोन दिवस बांधून ठेवायची, फडकं सुकू द्यायचं नाही. मोड आले की कडक उन्हात वाळवायची, हातावर चोळून मोड पाखडून टाकायचे आणि दळायची. खमंग भाजू नका, जास्त भाजलं तर ते पाचक द्रव्य मरतं. पावसाळ्यात आपल्याकडं काही वाळत नाही, बुरशी धरते, तेव्हा हे काम मे महिन्यातच उरकून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावं.

पेजेसाठी साध्या नाचणीचं पीठ दोन भाग आणि भाजलेल्या मुगाचं किंवा मसुरीचं पीठ एक भाग. त्यातलं चार मोठे चमचे वाटीभर पाण्यात नीट शिजवा. खाली उतरून जरा निवू द्या, मोडाचं पीठ कालवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग पुन्हा एक उकळी द्या, कारण मोडाचं पीठ कच्चं असतं. वरून एक छोटा चमचा तेल किंवा तूप. ही एक वाटी दीडशे कॅलरीच्या घरात जाते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी करायची, हळूहळू वाढवायचं, आणि द्यायचं वाटी-चमच्यानंच. बाटली बंद. बाटलीचं बूच नीट धुतलं जात नाही, आणि हगवणीची अर्धी गोष्ट तिथं सुरू होते. आईचं दूध दोन वर्षांपर्यंत चालू राहू द्या.

आळण आणि पाकिटं

मोठ्यांच्या ताटातही हीच तपासणी करता येते. आमटीला आळण लावणं ही गरिबाघरची जुनी विद्या आहे. डाळ मूठभर, खाणारी तोंडं आठ, मग पाणी वाढवायचं आणि चमचाभर पीठ लावून ती पळीवर आणायची. आमच्या आईनं हे वर्षानुवर्षं केलं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आळण बेसनाचं किंवा कुळथाचं असेल तर त्यातून प्रथिनं येतात, दोन्हींत शंभराला वीस ग्रॅमच्या पुढं. शेंगदाण्याचं कूट, तीळ, मटणाच्या रश्श्यातलं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, यांनी दाटपणाबरोबर अन्नही येतं. अलीकडं चायनीजच्या गाडीवरचं पाहून घरातही कॉर्नफ्लोअर आलं आहे. त्यानं रस्सा चकाकतो, दाट दिसतो, आणि ताटात पाणीच पडतं. कधीतरी हौसेनं करा, रोजच्या आमटीला कुळीथ बरा.

२०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी महाडमध्ये घराघरांत शिरलं, चुली बुडाल्या, तेव्हा मदतीत बिस्किटं, नूडल्स, सूपची पाकिटं आली. त्या दिवसांत तीच जीव तगवणारी होती. पण पाणी ओसरल्यावरही पाकिटं घरात राहिली. एमआयडीसीत दोघं पाळीवर जाणाऱ्या घरांत पोरांच्या हातात सकाळी नोट पडते आणि दुकानातून आंब्याचं पेय, सॉस, सूप येतं.

या पाकिटांवर आकडे असतात. ४१२, ४१५, ४६६, ४०७, ४४०, १४२२. ते पाहून मोबाइलवर फिरतं की यात विष आहे, चरबी आहे. हे आकडे दाटपणा आणणाऱ्या पदार्थांचे आहेत. ४१२ म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, तीच गवार जिची आपण भाजी करतो. राजस्थानात ती एवढी पिकते की जगातला बराचसा डिंक भारतातून जातो. अमेरिकेत तेलाच्या विहिरींतही तो वापरतात, आणि २०१२ च्या सुमारास त्यापायी गवारीच्या बियांना कधी नव्हे तो भाव आला होता. ४१५ म्हणजे झँथन, तो जिवाणूंकडून करून घेतात. ४०७ समुद्री शेवाळातून, ४४० फळांच्या सालीतून, ४६६ वनस्पतींच्या तंतूंपासून, १४२२ म्हणजे प्रक्रिया केलेलं स्टार्च. ठरलेल्या प्रमाणात हे घातक नाहीत. आमची तक्रार वेगळी आहे. चिमूटभर डिंकात पाणी रसासारखं दिसतं आणि ते आपण रसाच्या भावानं घेतो.

म्हणून आकड्यांना घाबरण्यापेक्षा त्यांच्या आधीची नावं वाचावीत. पाकिटातले घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहायचे, असा नियम आहे. जे सर्वांत जास्त, ते पहिलं. आंब्याच्या पेयावर पहिलं पाणी, दुसरी साखर असेल, तर तुम्ही पाणी-साखर विकत घेताय. सूपच्या पाकिटावर पहिल्या ओळीतच कॉर्नफ्लोअर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसलं, तर मधुमेहाच्या माणसानं ते आजारपणातलं हलकं जेवण समजू नये, आणि मीठ किती तेही पाहावं.

पण वाचायचं कसं? पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की कायदा भागतो, मराठी ऐच्छिक आहे. अक्षर मुंगीएवढं. रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारातल्या चटईवर रिकामी पाकिटं पसरतो आणि नववी-दहावीच्या मुलींना पहिली तीन नावं मोठ्यानं वाचायला लावतो. बायका हसतात, मग गप्प होतात. एकीनं दुकानदारालाच विचारलं, "या सॉसात टोमॅटो कितव्या नंबरला?" त्याला ठाऊक नव्हतं.

जिथं दाटपणाच औषध

एक जागा अशी आहे जिथं दाटपणा खरोखरच हवा असतो. लकवा मारलेल्या माणसाला कधीकधी भाकरीपेक्षा साधं पाणी जड जातं. पातळ पाणी घशातून झपकन घसरतं, श्वासनलिकेत जातं, ठसका लागतो, आणि पुढं न्यूमोनिया. वॉर्डात असताना आम्ही अशा रुग्णांचं पाणी पावडर घालून दाट करायचो. ती पावडर महाग असते. घरी गाठी नसलेली नाचणीची पेज चालू शकते, पण किती दाट हवी हे गिळणं तपासणाऱ्या डॉक्टर-थेरपिस्टकडून ठरवून घ्या. रुग्णाला बसवून, हनुवटी किंचित खाली, छोट्या चमच्यानं द्या, आणि उष्टी पेज ठेवून नंतर पाजू नका. लाळेतही तेच अमायलेज असतं, अर्ध्या तासात पेज पातळ होते आणि ठसका परत येतो. आपण बाळासाठी जे मुद्दाम करतो, तेच इथं धोक्याचं. मुदतीआधी जन्मलेल्या बाळांना मात्र झँथनची पावडर देऊ नये. २०११ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं आतड्याच्या गंभीर आजारामुळं तसा इशारा दिला होता.

त्या मुलीचं वजन अंगणवाडी सेविका दर महिन्याला घेते. पहिल्या महिन्यात काटा साडेतीनशे ग्रॅमनं हलला. सासूबाई अजून म्हणतात की नाचणी थंड पडते, पण आता मोड त्याच काढतात. पुढच्या पौर्णिमेच्या खिरीचं आम्ही आत्ताच बोलून ठेवलं आहे. दूध कमी पडलं तर तांदूळ वाढवायचे, शेंगदाणे वाटून घालायचे, आणि लहान बाळांसाठी वेगळं पातेलं.