शॉकअप कुणी खोलायचे?

१९८५ साली हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १०० बाजारात आल्या आणि स्कूटरवर वाढलेल्या कितीतरी घरांत मोटारसायकल शिरली. त्या गाड्यांचे पुढचे शॉकअप आतून साधे होते: नळीत नळी, स्प्रिंग, भोकं पाडलेली एक दांडी आणि थोडं ऑइल. सील गेलं तरी फारसं कुणी मनावर घेत नसे. पुढचा ब्रेक ड्रमचा असल्याने ओघळलेल्या ऑइलवर धूळ बसायची, एवढंच. गॅरेजवाला सील बदलायचा, अंदाजाने ऑइल ओतायचा, हँडल दोनदा दाबून गाडी परत द्यायचा.

डिस्क ब्रेकने हा निवांतपणा संपवला. २००१ मध्ये बजाज पल्सर आली, पुढच्या काही वर्षांत डिस्क सर्रास झाली. आता तेच ऑइल डिस्कवर उतरलं की पॅड कामातून जातात, आणि ताम्हिणी घाटाच्या उतारावर ते कळणं फार उशिराचं असतं.

गळणारं प्रत्येक सील गेलेलंच असतं असंही नाही. पावसाळ्यात चिखलाचा बारीक कण त्याच्या ओठाखाली अडकतो. जुने जाणते मिस्त्री फोटोच्या निगेटिव्हची पट्टी सील आणि नळीच्या मध्ये सारून गोल फिरवत. कचरा बाहेर, गळती बंद. निगेटिव्ह गेल्या, आता शीतपेयाच्या बाटलीचा तुकडा तेच काम करतो.

साधा शॉकअप घरी खोलावा, असं माझं ठाम मत आहे. हत्यारं थोडी लागतात, क्रम मात्र पाळावा लागतो. तळाचा ॲलन बोल्ट वरचं टोपण काढण्याआधीच ढिला करायचा, कारण स्प्रिंगचा दाब असेपर्यंत आतली दांडी सहसा बोल्टाबरोबर फिरत नाही. नवं सील चढवताना नळीच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी ओढायची, म्हणजे ओठ कापला जात नाही. आणि ऑइल मोजायचं. स्प्रिंग बाहेर, बुडबुडे थांबेपर्यंत नळी हळू वरखाली करायची आणि शेवटी पूर्ण खाली दाबायची. मग काठापासून ऑइलपर्यंतचं अंतर स्टीलच्या पट्टीने बघायचं. कंपनीच्या पुस्तकातला आकडा दोन्ही बाजूंना सारखा यायला हवा. वर उरलेली हवासुद्धा स्प्रिंगचं काम करते: ऑइल जास्त झालं तर खड्ड्यात शॉकअप आखडतो, कमी पडलं तर ब्रेक दाबताच गाडी नाक खुपसते. घाईच्या गॅरेजात नेमकी हीच मोजणी सुटते.

२०१२ मध्ये चाकणला तयार झालेली केटीएम ड्यूक २०० उलटे शॉकअप घेऊन आली. जाड, बाहेरची नळी खाली नसून वर, आणि ४३ मिलिमीटरची आतली नळी खाली. त्यात सील चाकाच्या बाजूला असतं, म्हणून गळालेलं ऑइल थेट कॅलिपरकडे धावतं. अशा अनेक शॉकअपमध्ये साध्या दांडीऐवजी कार्ट्रिज असतं. स्प्रिंग दाबायचं खास हत्यार लागतं, आतली हवा नीट काढावी लागते. तिथे मी जाणकाराकडेच जातो. २०१६ ची हिमालयन मात्र २०० मिलिमीटर चाल असूनही सरळ, जुन्या वळणाचीच. ती अंगणात खोलता येते.

नळी वाकली असेल किंवा क्रोमला गंजाचे खड्डे पडले असतील तर कुठल्याही गाडीचं काम घरचं नाही. वाक काढायला प्रेस लागतो, आणि खरखरीत क्रोमवर नवं सील महिनाभरही टिकत नाही. कारागीर निवडताना मी एवढंच विचारतो: ऑइल मोजून भरता का, आणि कुठून मोजता?