द्राक्षखोऱ्यातील पाहुणचार
वाईन-आस्वाद सहलीचे गावाने करावयाचे नियोजन

नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी, निफाड व इगतपुरी या तालुक्यांत द्राक्षमळ्यांच्या शेजारी वाईनचे कारखाने उभे राहिले, त्यास आता बराच काळ लोटला आहे. राज्य शासनाने २००१ साली द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर येथे वाईन पार्क स्थापन झाले. मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीच्या दिवशी या भागात येतात, कारखान्यात वाईनचा आस्वाद घेतात आणि रात्री शहरातील हॉटेलात परततात. ज्या खोऱ्यातील मातीत ती द्राक्षे पिकली, त्या गावाच्या वाट्यास बहुधा मोटारींची धूळच येते.

ही बाब उपेक्षणीय नाही. २००८ नंतरच्या मंदीत वाईनचा खप घटला, तेव्हा २००९-१० च्या सुमारास अनेक बागाईतदारांच्या वाईन-द्राक्षांना उठाव राहिला नाही आणि कित्येकांना उभ्या बागा तोडाव्या लागल्या. वाईनची द्राक्षे लहान, जाड सालीची व बियांची असतात. ती खाण्याच्या द्राक्षांप्रमाणे बाजारात नेऊन विकता येत नाहीत. एकाच गिऱ्हाइकावर विसंबणाऱ्या शेतकऱ्यास उत्पन्नाचा दुसरा आधार असावा, हा धडा त्यातून घ्यावयाचा आहे. योग्य नियोजन केल्यास पाहुणचार हा तसा आधार होऊ शकतो.

ऑस्ट्रिया देशात सम्राट दुसरा योसेफ याने १७८४ साली शेतकऱ्यांना स्वतःच्या मळ्यातील वाईन व खाद्यपदार्थ घरीच विकण्याची मुभा दिली. आजही तेथे मद्य विक्रीस असल्याची खूण म्हणून दारावर हिरवी डहाळी टांगतात. डॅन्यूब नदीकाठच्या वाखाऊ खोऱ्यात दगडी बांधांच्या पायऱ्यांवर द्राक्षे व जर्दाळू पिकतात आणि तेथील लहान गावे प्रवाशांची वस्ती करून घेतात. आपल्याकडील कायदा मात्र निराळा आहे. परवान्याखेरीज वाईन तयार करणे वा विकणे हा येथे गुन्हा आहे. म्हणून आस्वादाचा भाग परवानाधारक कारखान्यातच व्हावा आणि निवास, भोजन व मळ्याचे दर्शन ही बाजू गावाने सांभाळावी, अशी विभागणी इष्ट होय.

प्रथम गावाची संमती

मद्याचा विषय निघताच गावातील भगिनींच्या मनात शंका येणे स्वाभाविक आहे. महिलांनी मतदान करून बाटली आडवी केलेली गावे याच राज्यात आहेत. ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेपुढे ठेवावा आणि गावात मद्य येणार नाही, ही अट लेखी नोंदवावी. भोजनाची व्यवस्था महिला बचत गटाकडे असल्यास देखरेखही आपोआप राहते. विरोध असेल तेथे घाई करू नये. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण स्वीकारले आहे. त्यानुसार पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करून घ्यावी.

हंगामाची निवड

एप्रिलमध्ये खरड छाटणी व सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोड छाटणी हे आपल्या बागेचे वेळापत्रक आहे. वाईन-द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. पाहुण्यांस बोलावण्यास हाच काळ उत्तम. पावसाळ्यात खोरे हिरवेगार दिसते, परंतु वेलीवर घड नसतात. तेव्हा येणाऱ्यांस हे आधीच कळवावे, म्हणजे निराशा होणार नाही. उन्हाळ्यात ज्या गावास टँकर लागतो, त्या गावाने त्या महिन्यांत पाहुणे घेऊच नयेत. गावाच्या तोंडचे पाणी पाहुण्यांच्या स्नानास देणे शोभणारे नाही.

दिवसाची आखणी

प्रारंभी आठ-दहा पाहुण्यांहून अधिक मंडळी घेऊ नयेत. पहाटे तोडणी पाहण्यास न्यावे. गारव्यात तोडलेला माल कारखान्यात चांगल्या स्थितीत पोहोचतो, हे त्यांस समजावून सांगावे. रिफ्रॅक्टोमीटरने रसातील गोडी मोजून दाखवावी. वाईनसाठी ती बहुधा २२ ते २४ ब्रिक्स असावी लागते. खाण्याची द्राक्षे व वाईनची द्राक्षे शेजारी ठेवून चव घेऊ द्यावी. हा फरक शहरातील माणसास मोठा नवलाचा वाटतो. दुपारी भाकरी, पिठले, भाजी असे घरचे जेवण द्यावे, मात्र तिखट बेताचे असावे, कारण झणझणीत जेवणानंतर जिभेस बारीक चव कळत नाही.

आस्वादाची रीत

कारखान्यातील आस्वाद सायंकाळी ठेवावा. गावातील जो तरुण पाहुण्यांसोबत जाईल, त्यास पुढील माहिती असणे आवश्यक आहे. पांढऱ्या वाईनसाठी रस आधी पिळून वेगळा करतात. तांबडीसाठी रस सालीसह आंबवितात, त्यामुळे तिला सालीचा रंग व तुरटपणा येतो. शेनिन ब्लाँ व सोव्हिन्याँ ब्लाँ या पांढऱ्या, तर शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्याँ या तांबड्या वाईनच्या जाती आपल्याकडे लावल्या जातात. आस्वाद हलक्यापासून भारीकडे न्यावा: आधी पांढरी, मग तांबडी आणि गोड वाईन शेवटी. प्रथम रंग पाहावा, मग वास घ्यावा, नंतर घोटभर तोंडात घोळवावी. घोट थुंकून टाकण्यासाठी भांडे ठेवलेले असते व त्याचा वापर करण्यात कोणताही कमीपणा नाही. मध्ये पाणी प्यावे.

सावधगिरी

मोटार चालविणाऱ्याने घोटही घेऊ नये. गावातील वाहन व चालक ठरवून द्यावा हे उत्तम. कायद्याने ठरविलेल्या वयाखालील व्यक्तीस वाईन मिळता कामा नये. वय, परवाने व वेळा यांविषयीचे नियम राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयातून लेखी समजून घ्यावेत.

फवारणीकडे विशेष लक्ष हवे. एका गावी मी असताना पाहुणे तोडणीच्या बागेतून सहज शेजारच्या उशिरा छाटलेल्या बागेत शिरले आणि घड तोडू लागले. त्या बागेत आदल्याच दिवशी फवारणी झालेली होती. मालक धावत आला म्हणून अनर्थ टळला. तेव्हापासून फवारलेल्या बागेवर लाल कापड बांधण्यास मी सर्वांना सांगतो. पाहुण्यांचा दिवस ठरताच शेजाऱ्यांसही कळवावे.

हिशेब

शिधा, मजुरी, वाहन, वीज, अंथरूण-पांघरूण यांचा खर्च स्वतंत्र वहीत मांडावा. घरच्या माणसांचे श्रम व घरचे धान्य फुकट समजू नये. तेही बाजारभावाने धरावे. असे न केल्यामुळे नफा दिसतो आणि प्रत्यक्षात हातात काही उरत नाही. मनुके, खाण्याची द्राक्षे, तांदूळ यांची विक्री वेगळी लिहावी. पहिल्या वर्षी कर्ज काढून नव्या खोल्या बांधू नयेत. आहे त्या घरात दोन स्वच्छ खोल्या व चांगले शौचालय एवढ्यावर आरंभ करावा. कारखान्याशी व्यवहार ठरवावयाचा तो लेखी असावा. मागील मंदीत तोंडी शब्दांवर विसंबलेल्यांची स्थिती विसरून चालणार नाही.

बाग हा शेतकऱ्याचा मुख्य धंदा आहे व पाहुणचार हा जोडधंदा. तोडणी, छाटणी वा औषधपाणी पाहुण्यांसाठी एक दिवसही मागेपुढे होता कामा नये. जो शेतकरी एवढे पथ्य पाळील, त्याच्या ओट्यावर आलेला पाहुणा पुढील हंगामात आणखी चौघांना घेऊन येईल.