शेजाऱ्यांची झोप न मोडता गिटार

इलेक्ट्रिक गिटार हे वाद्य आपल्या वस्त्यांचा विचार करून घडवलेले नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. दहा बाय बाराची खोली, मधली भिंत एका विटेची, भिंतीपलीकडे रात्रपाळी करून झोपलेला माणूस आणि अलीकडे दहावीची मुलगी. अशा घरात आमच्या पुतण्याने पै-पै जमवून गिटार आणि एक जुना अँप्लिफायर आणला. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या मावशी दारात उभ्या राहिल्या. त्या भांडल्या नाहीत. "बाळा, यांचा आत्ताच डोळा लागलाय रे," एवढेच म्हणाल्या. त्यानंतर महिनाभर गिटार पलंगाखाली पडून होती.

"आवाज कमी कर, म्हणजे झाले," असे आम्हीही त्याला शहाणपणाने सांगितले होते. पण ते तितके सोपे नाही. जुन्या व्हॉल्व्हच्या अँप्लिफायरमधून जो भरदार, किंचित फाटलेला आवाज येतो, तो व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यावर ताण पडल्याशिवाय येतच नाही. शिवाय वॅट आणि कान यांचा हिशेबही विचित्र आहे. शंभर वॅटऐवजी दहा वॅट केले, तरी कानाला आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. म्हणजे लहान अँप्लिफायर आणूनही मावशी दारात यायच्या त्या येणारच!

ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेतील 'बोस्टन' या वाद्यवृंदाचे टॉम शोल्झ हे एमआयटीमध्ये शिकलेले इंजिनिअर. पोलरॉइड कंपनीत नोकरी करीत असतानाच त्यांनी घराच्या तळघरात ध्वनिमुद्रणाची सोय केली आणि १९७६ साली आलेल्या पहिल्या अल्बमचा बराचसा भाग तिथे मुद्रित केला. पुढे १९८२ च्या सुमारास त्यांनी 'रॉकमन' नावाची छोटी पेटी काढली. ती कमरेला अडकवायची, हेडफोन लावायचा आणि वाजवायचे. १९८९ मध्ये 'सॅन्सअँप' आला. १९९८ मध्ये लाइन ६ कंपनीचा लाल रंगाचा, घेवड्याच्या दाण्यासारखा 'पॉड' आला आणि अँप मॉडेलर हा शब्द घरोघरच्या वादकांच्या तोंडी बसला.

मॉडेलर करतो काय? तारेच्या कंपनातून निघालेला बारीकसा विद्युतप्रवाह तो सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. अँप्लिफायरमधून जाताना या प्रवाहाचे काय काय झाले असते, याचे गणित तो तिथल्या तिथे मांडतो. व्हॉल्व्ह, स्वराची बटणे, स्पीकरचा कागदी पडदा, त्याच्यापुढे ठेवलेला माईक, या सगळ्यांचे गणित त्यात येते. यातला स्पीकर फार महत्त्वाचा आहे. गिटारचा स्पीकर वरच्या पट्टीतला करकरीतपणा आपणहून गाळतो. तो गाळला नाही, तर हेडफोनमध्ये डबीत कोंडलेल्या डासासारखी भुणभुण ऐकू येते. अलीकडे तर खऱ्या अँप्लिफायरमध्ये गेलेला आणि त्यातून निघालेला आवाज संगणकाला ऐकवून त्याच्याकडूनच नक्कल शिकून घेतात. 'न्यूरल अँप मॉडेलर' हा तसा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो.

पुतण्याने जुनाच, वापरलेला मॉडेलर घेतला. पहिल्या दिवशी त्याचे तोंड एवढेसे झाले. "काका, फसवलं वाटतं मला. गोधडीखालून आल्यासारखा आवाज येतोय." चूक दुकानदाराची नव्हती. त्याने मॉडेलर त्या जुन्या अँप्लिफायरलाच जोडला होता. आत गणितातला स्पीकर, बाहेर खरा स्पीकर, म्हणजे आवाज दोनदा गाळला जात होता. खऱ्या गिटार-स्पीकरला जोडताना आतला स्पीकर बंद ठेवायचा. हेडफोनवर किंवा मुद्रणासाठी तो चालू ठेवायचा. एवढे एक बटण न कळल्याने कित्येकांनी ही यंत्रे विकून टाकली असतील.

आता मूळ गोष्ट. आमची आत्या तरुणपणी कलापथकात गायची. तिच्या गाण्याची एकही फीत कुणाकडे नाही. गेल्या दोन वर्षांत तिला दम लागू लागला आहे. एका कडव्यानंतर बसावे लागते. घरातच तिचा आवाज मुद्रित करावा, असे पुतण्याच्या मनात आले. त्याने दोन तोंडांचा ऑडिओ इंटरफेस उसना आणला. एका तोंडात आत्याचा माईक, दुसऱ्यात थेट गिटार, आणि मॉडेलिंगचे काम लॅपटॉपवर. गिटारचा आवाज फक्त दोघांच्या हेडफोनमध्ये. माईकमध्ये आत्याचाच गळा. समोर अँप्लिफायर गर्जत असता, तर तिच्या आवाजात तो कायमचा मिसळला असता.

संगणकाला गणिताला वेळ लागतो, तो मात्र सांभाळावा लागतो. बफर १२८ ठेवला, तर ४८,००० च्या वेगाने एका फेरीला तीन मिलिसेकंदांहून कमी वेळ जातो. जाण्यायेण्याचा सगळा हिशेब दहा मिलिसेकंदांच्या आत राहिला, की वादकाला फारसे अडखळत नाही. हवेतून आवाजाला एक मीटर यायलाही तीन मिलिसेकंद लागतातच की.

रात्री अकरानंतर पाण्याचा पंप थांबला, पंखा बंद केला, तेव्हा आत्या गायला बसली. एकदाच गायली. दुसऱ्यांदा गाणे जमणार नव्हते, हे तिघांनाही ठाऊक होते. तिसऱ्या कडव्यात पुतण्याचे बोट चुकले, पण त्याने हात थांबवला नाही. लॅपटॉपवर गिटारचा कोरा, कसलाही रंग न चढवलेला सूर वेगळ्या पट्ट्यावर उतरत होता. त्यामुळे दुसऱ्या दिवशी ती चार मापे त्याने पुन्हा वाजवली. खरखरीत अँप काढून साफ आवाजाचा बसवला, खर्ज उतरवला. हळू आवाजात ऐकताना कानाला खर्ज कमी भासतो, म्हणून रात्री त्याने तो नको इतका वाढवून ठेवला होता.

आत्याने हेडफोन लावून सगळे ऐकले. मध्ये दम घेतलेला होता, तो पुतण्या कापायला निघाला होता.

"ते राहू दे," ती म्हणाली. "आणि तुझी गिटार जरा मागे घे."

त्याने ती तीन डेसिबलने खाली आणली. आत्याने पुन्हा ऐकले आणि अजून थोडी खाली घ्यायला लावली.