पडद्यावरचा वाघ, खतावणीतील तोटा

१९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ने संगणकनिर्मित प्राणी रुपेरी पडद्यावर जिवंत केले. पुढे ‘लाईफ ऑफ पाय’मधील वाघ बहुतेक दृश्यांत संगणकावरच घडला. लॉस एंजेलिसच्या ‘रिदम अँड ह्यूज’ची ही किमया फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्करने गौरविली गेली; मात्र त्याच महिन्यात, सोहळ्यापूर्वीच, मुंबई-हैदराबादेतही शाखा असलेल्या या संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

या व्यवसायात मोबदला बहुधा आधीच ठोक ठरतो. दिग्दर्शकाने दृश्य वारंवार बदलले, तरी वाढीव श्रमांचा भार संस्थेवरच पडतो. चित्रपटाच्या नफ्यात मात्र तिचा वाटा नसतो. कौशल्य कितीही श्रेष्ठ असो, करारात फेरबदलाचे मूल्य लिहिलेले नसेल, तर कीर्ती जमेस आणि तोटा नावे पडतो, हे प्रत्येक व्यापाऱ्याने ध्यानी ठेवावे.