सलग पाच रोव्हर्स कप! आपल्या जुन्या राज्याचे फुटबॉलवाले पोलीस

नांदेड-लातूरकरांना हैदराबाद म्हटलं की काय आठवतं? निजाम, रझाकार, पोलीस ॲक्शन, १७ सप्टेंबर. नाहीतर मग चारमिनारच्या बांगड्या, दवाखान्याच्या खेपा आणि बिर्याणी. फुटबॉल मात्र कुणाच्या ओठांवर येत नाही. आपले आजोबा-पणजोबा ज्या राज्यात जन्मले, त्या राज्याच्या राजधानीत एकेकाळी देशातली सगळ्यात तगडी फुटबॉल टीम होती. तिचं नाव हैदराबाद सिटी पोलीस. मुंबईच्या मानाच्या रोव्हर्स कपवर तिनं ९ वेळा नाव कोरलं, त्यातलं एक विजेतेपद संयुक्त. दिल्लीचा ड्युरँड कप ४ वेळा जिंकला. आज त्या नावाची टीम कुठल्याच मोठ्या मैदानावर दिसत नाही. मराठवाड्याचा इतिहास सांगताना तिचा उल्लेख निघत नाही, आणि तो निघायला हवा असं मला मनापासून वाटतं. म्हणून ही सगळी माहिती एकत्र.

आधी पत्ता नीट करून घेऊ

हैदराबाद संस्थानात मराठी जिल्हे ५ होते: औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. उदगीर, निलंगा, अहमदपूर तर बिदर जिल्ह्यात होते. लातूर स्वतंत्र जिल्हा झाला १६ ऑगस्ट १९८२ ला, म्हणजे या टीमचा सुवर्णकाळ संपून दोन दशकं होत आली तेव्हा.

टीम उभी राहिली १९३९ मध्ये. हे साल मराठवाड्याच्या माणसानं जरा थांबून वाचावं. आदल्याच वर्षी उस्मानिया विद्यापीठानं ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना काढून टाकलं होतं. त्यातल्या कितीतरी पोरांनी नागपूर गाठून शिक्षण पुरं केलं. निजामाच्या पोलिसांचं नाव काढलं की तेव्हा गावोगाव धडकी भरायची. फुटबॉलच्या गोलांनी ती आठवण पुसली जात नाही आणि पुसूही नये. पण इतिहासाच्या त्याच पानावर या खेळाडूंनाही जागा आहे.

हाली रुपयाच्या काळातली करंडकांची माळ

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं. दोनच वर्षांनी, १९५० मध्ये, हैदराबादच्या पोलिसांनी मुंबईच्या कूपरेजवर रोव्हर्स कप उचलला. त्या वर्षी आपल्याकडच्या बाजारात निजामाचा हाली सिक्का अजून चालत होता! मग १९५१, १९५२, १९५३, १९५४. पाच वर्षं कप हैदराबादलाच. रोव्हर्सचा इतिहास १८९१ पासूनचा, पहिला विजेता वूस्टर रेजिमेंटचा गोऱ्या शिपायांचा संघ. पुढं मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहम्मेडन स्पोर्टिंग सगळे येऊन गेले, पण सलग पाचची मजल कुणालाच मारता आली नाही.

कप तिथंच संपले नाहीत. १९५७ ला पुन्हा रोव्हर्स. १९६० ला पुन्हा. १९६२ ला ईस्ट बंगालबरोबर संयुक्त. १९६३ ला शेवटचा. ड्युरँडची सालं १९५०, १९५४, १९५७ आणि १९६१. यातल्या दोन फायनलमध्ये, १९५० आणि १९६१ च्या, समोर मोहन बागान होता. कोलकात्याचे क्लब म्हणजेच भारतीय फुटबॉल असं मानणाऱ्यांना ही यादी जरूर दाखवावी.

शाळामास्तर आणि काचीगुडा

नांदेडकरांना काचीगुडा वेगळं सांगायला नको. मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे जाणारी जुनी मीटर गेज लाइन तिथंच जाऊन थांबायची. त्याच काचीगुड्याच्या शाळेत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शिक्षक होते. जन्म १७ ऑगस्ट १९०९, शिक्षण उस्मानिया विद्यापीठात, स्वतः चांगले खेळाडू. पुढं शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केला, चादरघाटच्या शाळेतही शिकवलं, हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले. १९५० पासून अखेरच्या श्वासापर्यंत ते सिटी पोलीसचे कोच होते आणि जवळजवळ तो सगळा काळ भारताच्या टीमचेही. सगळे त्यांना रहीमसाब म्हणत. २०२४ मध्ये आलेल्या ‘मैदान’ सिनेमात अजय देवगणनं केली ती भूमिका यांचीच.

त्यांची मास्तरकी मैदानावरही सुटली नाही. मला तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत आवडता भाग हाच वाटतो. रहीमसाब अशा स्पर्धा भरवायचे की आजही कुणी ऐकल्यावर चकित व्हावं. एका स्पर्धेत खेळाडूनं फक्त आपल्या कच्च्या पायानं खेळायचं. उजव्याला बंदी, डाव्यानंच पास, डाव्यानंच शॉट. आधी पोरांचे बॉल भलतीकडे जायचे, पण महिना-दोन महिन्यांत तोच पाय बोलायला लागायचा. दुसऱ्या स्पर्धेत ड्रिब्लिंगच बंद. बॉल आला की लगेच पुढच्याला द्यायचा. त्या काळात आपल्याकडे बॉल पायाशी खिळवून चार जणांना चकवणारा तो मोठा खेळाडू, अशीच समजूत होती. रहीमसाबांनी ती मुळातून हलवली. बॉल माणसापेक्षा जास्त वेगानं पळतो, मग तो पायात अडकवून ठेवायचा कशाला, हा त्यामागचा विचार. तिसरी स्पर्धा बुटक्या खेळाडूंसाठी, ठरावीक उंचीच्या वर असलेल्याला प्रवेश नाही. धिप्पाड पोरांच्या धक्क्यांत बारकी, चपळ पोरं मागं पडतात, त्यांना आपापसात खेळून हुशारी दाखवता यावी म्हणून.

यासाठी ना स्टेडियम लागलं ना परदेशी साहित्य. लागले ते नियमाचे चार शब्द आणि एक शिट्टी. आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पीटीच्या सरांनाही हे उद्या सकाळी करता येईल. डाव्या पायाची स्पर्धा तर पावसाळ्याच्या चिखलातसुद्धा रंगेल!

बूट कधी आले?

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारतीय टीम युगोस्लाव्हियापुढे उभी राहिली. कितीतरी भारतीय खेळाडू तेव्हा अनवाणी खेळायचे, फार तर पायाला पट्ट्या बांधायचे. थंडी, ओलं गवत आणि समोर बूटवाले दणकट गडी. निकाल लागला १०-१. भारताचा एकुलता गोल अहमद खान यांचा. त्या टीममध्ये सिटी पोलीसचे अझीझुद्दीन, नूर महंमद आणि मोईनुद्दीन होते. या हारीनंतर देशात बूट सक्तीचे झाले.

आता पुढचं बघा. चार वर्षांनी मेलबर्नमध्ये हाच देश, कोच तेच रहीमसाब. भारतानं यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ नं उडवलं. नेव्हिल डिसूझा या गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत खेळणाऱ्या खेळाडूनं हॅटट्रिक मारली. ऑलिंपिक फुटबॉलमधली आशियाई खेळाडूची ती पहिली हॅटट्रिक. सेमीफायनलला समोर परत युगोस्लाव्हिया, आणि पहिला गोल कुणाचा? भारताचा, पुन्हा नेव्हिलच. शेवटी १-४ नं हरलो, बल्गेरियाशी ०-३ नं हरून चौथे आलो. पण १०-१ नंतर चारच वर्षांत ऑलिंपिकची सेमीफायनल! त्या टीममध्ये अझीझुद्दीन आणि नूर महंमद पुन्हा होते, शिवाय हैदराबादचे तुळसीदास बलराम आणि झुल्फिकार.

ज्या महिन्यात आपण सुटलो

मेलबर्नला निघालेली ही टीम आणि मराठवाडा यांचं एक विलक्षण नातं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरमध्ये, तेलंगण आंध्र प्रदेशात. ऑस्ट्रेलियाला हरवलं तो दिवस १ डिसेंबर १९५६. मधे बरोबर एक महिना! म्हणजे हैदराबादचे खेळाडू सरावाला लागले तेव्हा नांदेडकर आणि ते एकाच राज्याचे रहिवासी होते. मैदानात उतरले तेव्हा राज्यच उरलं नव्हतं.

पण फुटबॉलनं ते नाव सोडलं नाही. राज्यांच्या टीम जिच्यात खेळतात त्या संतोष ट्रॉफीत, १९५७-५८ मध्ये, टीम ‘हैदराबाद’ याच नावानं उतरली, आणि फायनलला हरवलं कुणाला? मुंबईला. आदल्या मोसमातही फायनलला हीच जोडी होती आणि निकालही तोच. १९५७-५८ पर्यंत नांदेड आणि लातूर मुंबई राज्यात आले होते. त्या फायनलच्या वेळी आपल्याकडच्या शौकिनांनी कुणाच्या बाजूनं ओरडायचं? रेडिओजवळ बसून बातमी ऐकणाऱ्या एखाद्या देगलूरच्या किंवा औशाच्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, याचा विचार करायला मला फार आवडतं.

या हिशेबाची परतफेड पुढं झाली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर त्या नावानं संतोष ट्रॉफी पहिल्यांदा आली ती १९६३-६४ मध्ये, आणि फायनलला समोर होता आंध्र प्रदेश.

राज्य बदललं तसं पोलीस टीमचंही नाव बदललं. १९६० चा रोव्हर्स आणि १९६१ चा ड्युरँड तिनं ‘आंध्र पोलीस’ म्हणून जिंकला. खेळाडू बरेचसे तेच, गणवेशावरचं राज्य तेवढं नवं.

जकार्ता, ४ सप्टेंबर १९६२

रहीमसाबांना तोवर कॅन्सरनं गाठलं होतं. एशियाडची फायनल, समोर दक्षिण कोरिया. यजमान इंडोनेशियानं इस्रायल आणि तैवानला वगळलं होतं, त्यावर भारतीय पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतल्यामुळं सगळं स्टेडियम भारताच्या विरोधात पेटलेलं. गोलकीपर पीटर थंगराज, सिकंदराबादचे, आजारपणातून उठून उभे राहिले. बचाव फळीतला जर्नेलसिंग डोक्याला टाके घेऊन पुढच्या फळीत खेळला. पी. के. बॅनर्जीचा एक गोल, जर्नेलचा एक. भारत २-१ नं जिंकला. सिटी पोलीसच्या तालमीत घडलेले यूसुफ खानही त्या टीममध्ये होते. भारतीय फुटबॉलला एशियाडचं सुवर्ण त्यानंतर आजतागायत मिळालेलं नाही.

११ जून १९६३ ला रहीमसाब गेले. त्याच वर्षीचा रोव्हर्स आंध्र पोलीसनं जिंकला आणि मोठ्या करंडकांची ती माळ तिथंच थांबली. कारणं सरळ आहेत. पोलीस खात्याकडं द्यायला नोकरी होती, कोलकात्याच्या क्लबांकडं पैसा आणि भरलेली मैदानं. बलरामसारखा हिरा १९५७ लाच ईस्ट बंगालला गेला होता. पुढं बँका आणि सरकारी कंपन्यांनीही चांगले खेळाडू उचलले. आणि ज्या एका माणसाच्या शिट्टीवर सगळं चाललं होतं, तो उरला नव्हता. त्याच्या जागी दुसरा तयार करण्याचं कुणी मनावर घेतलं नाही, हे मला सगळ्यात जास्त खुपतं.

जाता जाता आणखी चटकदार

रहीमसाबांचे चिरंजीव एस. एस. हकीम १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या टीममध्ये होते. नंतर ते फिफाचे रेफरीही झाले. एकाच घरात कोच, ऑलिंपियन आणि रेफरी!

हैदराबादच्या फुटबॉल संघटनेच्या सुरुवातीच्या मंडळींत एस. एम. हादी होते. रणजी ट्रॉफीतलं पहिलं शतक ठोकणारे ते हेच. टेनिससाठी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकलाही जाऊन आले होते. इतके खेळ खेळायचे की लोक त्यांना ‘रेनबो हादी’ म्हणायचे.

पोलीस खात्याच्या टीमनं फुटबॉल गाजवणं जगाला नवीन नाही. मॉस्कोचा डायनॅमो १९२३ मध्ये सोव्हिएत गुप्त पोलिसांच्याच छत्राखाली उभा राहिला, आणि तो अजून खेळतो आहे.

मोठ्या टीमही बंद पडतात. लॅटव्हियाच्या रीगा शहरातल्या स्कोंटो क्लबनं १९९१ ते २००४ अशी सलग १४ वर्षं देशाची लीग जिंकली. २०१६ मध्ये दिवाळं निघून क्लब संपला. आपल्या मुंबईचं महिंद्रा युनायटेड १९६२ चं, २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेलं. २०१० मध्ये मालकांनीच ते गुंडाळलं. ज्या रोव्हर्स कपनं सिटी पोलीसला मोठं केलं, ती स्पर्धाही २००१ नंतर झालेली नाही.

आता शेवटची, आणि ही तर महाराष्ट्र-हैदराबाद नात्याचीच आहे. एफसी पुणे सिटी हा इंडियन सुपर लीगमधला क्लब २०१९ मध्ये बंद पडला आणि त्याच्या जागेवर उभा राहिला हैदराबाद एफसी. तीनच वर्षांत, मार्च २०२२ मध्ये, गोव्याच्या फातोर्ड्यात केरळा ब्लास्टर्सला पेनल्टीवर हरवून त्यानं लीग जिंकली. सिटी पोलीसनंतर हैदराबादला पुन्हा एवढं मोठं यश दिसलं ते पुण्याच्या रिकाम्या झालेल्या जागेवर. २०२५ मध्ये तोही क्लब दिल्लीला गेला.