फुफ्फुसातला ठिपका कोणाचा?

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत जातो, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला तोंडपाठ असतं. १९४० साली फिलाडेल्फियाच्या ऑस्कर बॅट्सन यांनी मृतदेहांच्या शिरांत क्ष-किरणांना दिसणारा द्राव सोडला, तेव्हा तो ओटीपोटातून थेट मणक्याभोवतीच्या शिराजाळात चढला. हे दृश्य इतकं पटण्याजोगं होतं की पुढची कित्येक वर्षं फुफ्फुसांकडे फारसं कोणी पाहिलंच नाही. सत्तरच्या दशकात रुळलेला बोन स्कॅनही हाडंच दाखवणारा. छातीचा एक्स-रे काढत, पण बरगडीआडची किंवा हृदयाच्या सावलीतली छोटी गाठ त्यात सहज निसटे.

डोळे उघडले शवविच्छेदनांनी. बाझेलमधल्या १९६७ ते १९९५ दरम्यानच्या १,५८९ प्रोस्टेट-रुग्णांच्या नोंदी बुबेनडॉर्फ आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडल्या. रक्तावाटे रोग पसरलेल्यांपैकी ९० टक्क्यांच्या हाडांत तो होता, आणि ४६ टक्क्यांच्या फुफ्फुसांत! अखेरच्या टप्प्यातलं हे चित्र, हे खरं. तरी जिवंतपणी त्यातलं किती थोडं दिसत होतं!

एव्हाना एका श्वासात अख्खी छाती टिपणारं सीटी आलं होतं आणि चार-पाच मिलिमीटरचे ठिपकेही दिसू लागले. इथूनच खरी डोकेदुखी सुरू झाली. सत्तरीतल्या माणसाच्या छातीत ठिपके असायचेच, त्यातून आपल्याकडे जुन्या टीबीचे व्रण. रिपोर्टवर ‘तीन महिन्यांनी पुन्हा सीटी’ असा शेरा पडतो आणि ते तीन महिने घरात कोणी धड जेवत नाही.

मग पीएसएमए पेट स्कॅन आलं. प्रोस्टेटच्या पेशींवरच्या पीएसएमए या प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूला जोडलेलं किरणोत्सारी गॅलियम-६८ टोचायचं. त्याचं अर्धायुष्य अवघं ६८ मिनिटांचं, त्यामुळे सगळी घाई. अमेरिकेत याला डिसेंबर २०२० मध्ये मान्यता मिळाली. मुंबईत ही तपासणी त्याआधीच होत होती. २०२० मध्येच ‘प्रोपीएसएमए’ या ३०२ रुग्णांच्या चाचणीत तिची अचूकता ९२ टक्के निघाली. सीटी आणि बोन स्कॅन मिळून ६५.

पण हे आकडे मुख्यतः लसिकाग्रंथी आणि हाडांच्या जोरावरचे. फुफ्फुसात टीबीही चमकतो, फुफ्फुसाचा स्वतःचा कॅन्सरही. उलट श्वासाबरोबर हलणारी बारीक गाठ चमकतच नाही. म्हणून पेटसोबतचं सीटी निव्वळ जोडपत्र समजून बाजूला सारणं मला धोक्याचं वाटतं. शंका उरली तर सुईने तुकडा काढून प्रोस्टेटची ओळख पटवणाऱ्या एनकेएक्स३.१ या प्रथिनाचा रंग चढतो का ते पाहतात. चढला तर गाठ प्रोस्टेटचीच असण्याची दाट शक्यता, आणि हार्मोनच्या उपचारांनी ती विरघळूही शकते. नाहीतर शोध नव्याने, कदाचित फुफ्फुसाच्या शस्त्रक्रियेपर्यंत.