चुनखडीच्या मुलखात ब्लूबेरी

ब्लूबेरीला आम्लधर्मी माती लागते, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1910 मध्ये सिद्ध केले. पुढे एलिझाबेथ व्हाइट यांच्या न्यू जर्सीतील मळ्यावरून 1916 मध्ये लागवडीची ब्लूबेरी प्रथम बाजारात गेली. मातीचा सामू 4.5 ते 5.5 असला की झुडूप जोमाने वाढते.

बारामती-इंदापूरची जमीन याच्या अगदी उलट आहे. खडक बेसाल्टचा आणि पाऊस कमी, त्यामुळे चुना धुऊन जात नाही. सामू बहुतेक ठिकाणी 7.5 ते 8.5 असतो. नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणीत क्षारपड आणि चोपण रानेही आहेत. उसावरचा केवडा इथल्या शेतकऱ्याच्या ओळखीचा: मातीत लोह असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही, शिरा हिरव्या राहतात आणि पान पिवळे पडते. ब्लूबेरीच्या नाजूक मुळांवर रोमच नसल्याने तिला हा त्रास फार लवकर होतो.

गंधक टाकून जमीन आंबट करावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याचा हिशेब मांडून पाहावा. दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात साधारण पावणेतीनशे किलो माती बसते. तिच्यात चुनखडी 5 टक्के धरली, तर चुनाच सुमारे साडेतेरा किलो भरतो. तो नुसता मारायला सव्वाचार किलोहून अधिक गंधक लागते. एवढे करूनही शेजारच्या मातीतला चुना पाण्याबरोबर येतच राहतो. जिप्सम चोपण जमिनीतला सोडियम हटवते, चुना नाही. म्हणून इथे ब्लूबेरी कुंडीतच लावावी.

दीड फूट रुंदीची कुंडी घ्यावी आणि तिच्यात पीट मॉस व धुतलेला कोकोपीट भरावा. काळी माती आणि राख टाळावी. नत्रासाठी अमोनियम सल्फेट अगदी थोडे, पण वारंवार द्यावे.

खरी कसोटी पाण्याची. बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेट कुंडीचा सामू हळूहळू वर चढवते. पावसाचे पाणी सर्वांत चांगले. 10 चौरस मीटर पत्र्यावर 500 मिलिमीटर पाऊस पडला, तर 5,000 लिटर पाणी पडते. गळती वजा जाता चार-पाच कुंड्यांची वर्षाची सोय होते. साठा संपल्यावर पाण्यात लिंबूसत्व मिसळून सामू 5.5 च्या आसपास आणावा.

उत्तरेकडच्या वाणांना 7 अंशांखालचे शेकडो तास हवे असतात. बारामतीच्या हिवाळ्यात ते मिळत नाहीत. ‘बिलॉक्सी’, ‘मिस्टी’ हे कमी थंडीचे वाण निवडावेत. पेरू देशाच्या उबदार किनाऱ्यावर ‘बिलॉक्सी’ मोठ्या प्रमाणावर पिकली आहे. परागीकरणासाठी दोन वाण जवळ ठेवावेत आणि एप्रिल-मेमध्ये शेडनेट लावावी. फळ निळे झाल्यावरही चार-पाच दिवस झाडावर राहू द्यावे, कारण तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही.

ज्यांना फळझाड जमिनीतच हवे, त्यांनी करवंद किंवा तुती लावावी. ब्लूबेरीच हवी असेल, तर रोप घेण्याआधी बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात पाणी तपासून घ्यावे.